बटणाच्या मेणबत्त्या

चर्चमधल्या मेणबत्त्या काढून तिथे विजेचे दिवे बसवायचं काम वायरमनने आपणहून अंगावर घेतलं होतं, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

फादरचं म्हणणं तसं रास्तच होतं. धुराने छत काळंकुट्ट झालेलं, त्यात एका म्हातारीची शाल पेटता पेटता वाचलेली. वायरमनने चार दिवस खपून लोखंडी चौकटीत साठ छोटे दिवे बसवले, प्रत्येकाखाली एक बटण. बटण दाबलं की दिवा वीस मिनिटं ज्योतीसारखा लुकलुकायचा आणि आपोआप विझायचा. त्या लुकलुकण्याचं त्याला भारी कौतुक. ते साधता साधता त्याचे डोळे पांढरे झाले होते.

पहिल्याच सोमवारी त्याच्या बायकोने बटण दाबलं आणि समोर उभी राहिली. वीस मिनिटांनी दिवा टक् करून गेला, तशी तीही निघाली. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, "अहो, तुम्ही देवाच्या दारात मीटर बसवलंत."

"वाढवून देतो की. तास करू?"

"तासाचा प्रश्न नाही."

"मग कशाचा?"

"पालथ्या घड्यावर पाणी," असं म्हणून ती आत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने चर्चची वाटच सोडली.

हे साधंसुधं रुसणं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात अंथरुणाला खिळून होती. आधी दोनदा कूस रिकामी झालेली; या खेपेला डॉक्टरांनी पाऊलसुद्धा खाली टाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. रजा शिल्लक नव्हती, सगळी बाळंतपणासाठी राखून ठेवलेली. म्हणून गेले तीन महिने ती रोज सकाळी कामावर जाताना चर्चमध्ये एक जाड मेणबत्ती लावून जायची. तेवढंच तिच्या हातात होतं, आणि तेही नवऱ्याने चौकटीत बसवलं.

तीन दिवस वायरमनने कळ काढली. चौथ्या दिवशी ती बटाटे सोलत असताना तो समोर स्टूल ओढून बसला.

"सांग तरी. मला नाही समजत, पण ऐकतो."

बायकोने चार साली काढल्या. मग म्हणाली, "मी तिथून कामावर जायचे, पण मेणबत्ती मागे थांबायची. दुपारपर्यंत जळायची. मी इकडे इस्त्री मारतेय, पण मनात असायचं, माझ्या जागी तिथे कुणीतरी उभं आहे. पोरीसाठी थोडं थोडं झिजतंय. तुमच्या दिव्याचं काय झिजतं हो? वीज. तीही फादरची."

"मग घरी लाव एक."

"आणि कुलूप घालून जाऊ? आगीच्या नावाने आधी तुम्हीच बोंब ठोकाल."

 वायरमनला फादरचं एक प्रवचन आठवलं: मेण म्हणजे देह, वात म्हणजे आत्मा, ज्योत म्हणजे देव. तेव्हा त्याने मनात लगेच भाषांतर केलं होतं, रबर, तार आणि करंट. फादरला कामातलं कळतं असं ठरवून त्याने डुलकीही काढली होती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण कळा सुरू झालेल्या. ऑपरेशन करावं लागणार होतं. बायकोने रजा मागितली नाही, सांगितली, आणि पिशवी भरली. बसने पाच तासांचा रस्ता.

"मी पण येतो."

"तुम्ही येऊन काय करणार? तिथल्या व्हरांड्यातले पंखे तपासणार?" ती गाडीत चढली, पण बस हलताना तिने खिडकीतून मान बाहेर काढली. तोंड एवढंसं झालं होतं. "आज चर्चमध्ये तिच्यासाठी कुणी नाहीये हो."

वायरमन हत्यारांच्या पिशवीसकट थेट चर्चमध्ये गेला. आत चिटपाखरू नव्हतं. त्याने चौकटीचं झाकण उघडलं, एका दिव्याचा टायमर काढला आणि दोन तारा थेट जोडल्या. दोन मिनिटांचं काम. दिवा लुकलुकायला लागला. आता तो विझणार नव्हता; आठवडाभर कुणी फिरकलं नाही तरी तसाच लुकलुकत राहिला असता.

वायरमन बघत राहिला. दिवा चांगला होता. पण त्याच्या जळण्यात कुणाचं काही झिजत नव्हतं.

त्याने तारा सोडवल्या, टायमर परत बसवला, झाकण लावलं आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला.

पाठ असलेली प्रार्थना दोनदा म्हणून झाली. तिसऱ्यांदा मध्येच डोक्यावरच्या पंख्याची कुरकुर कानावर आली आणि बेअरिंग गेलंय हे ध्यानात आलं. "मला बोलता येत नाही," तो वेदीकडे बघून पुटपुटला. "मी आपला बसतो."

दोन तासांनी पाठ बोलायला लागली. पोटात कावळे ओरडत होते. झाडलोट करणाऱ्या आक्का केरसुणी घेऊन त्याच्यापाशी थबकल्या.

"काय बिघडलंय, दादा?"

"काही नाही."

"मग पाय उचला."

त्याने पाय उचलले. आक्कांनी खालचा केर काढला, त्याच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं आणि बाकीचं चर्च आवाज न करता झाडलं.

दुपारी फोन वाजला. बायको अजून बसमध्येच होती.

"तिला आत नेलंय. कुठे आहात?"

"चर्चमध्ये."

"दिवा लावलात?"

"नाही. बसलोय."

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

पलीकडे नुसता बसचा खडखडाट. मग तिने नाक ओढलं. "काही खाल्लंत?"

"नाही."

"पाठ धरली असेल."

"धरलीय."

"असू दे," ती म्हणाली. आवाज कितीतरी दिवसांनी मऊ झाला होता. "बसा."

तो बसला. खिडकीतलं ऊन एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकत गेलं. एक पाय बधिर झाला, मग दुसरा. मध्येच त्याला लेक दिसली, सहा वर्षांची, त्याच्या शिडीचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी असलेली. मग मात्र शब्दांची गरज राहिली नाही.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा पुन्हा फोन वाजला.

"मुलगी झाली हो! मूठभर आहे, पण रडतेय खणखणीत. पोरगीही शुद्धीवर आलीय. दोघी बऱ्या आहेत." मग ती रडली, हसली, पुन्हा रडली. "उठा आता. जेवा काहीतरी."

"उठतो," वायरमन म्हणाला, आणि डोळे पुसून तसाच बसून राहिला.