अठरा पटाश्या

फर्निचरच्या त्या कारखान्यात त्याला सगळे गुण्या म्हणत. काटकोन तपासायचं ते सुतारी हत्यार असतं, तेच. लाकूड असो, माणूस असो की रविवारची उपासना, त्याला सगळं नव्वद अंशातच लागायचं. आणि जगात नव्वद अंशात फारसं काही नसल्यामुळे त्याच्या कपाळावरची आठी बावीस वर्षांत एकदाही पुसली गेली नव्हती.

त्या आठीचंच काहीतरी करावं म्हणून तो चर्चच्या पाळकांकडे गेला. पाळक वयाने त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण बोलायला नेमका माणूस. त्यांनी आधी उपवास सुचवला. पहिल्याच बुधवारी दुपारी तीनला गुण्याने खुर्चीचा एक पाय भिंतीवर भिरकावला. मग मौन सुचवलं. एक अख्खी संध्याकाळ तो घरात तोंड मिटून बसला, आणि झोपताना त्याने बायकोला विचारलं, "आज काही वेगळं वाटलं का?"

"नाही बाई," ती म्हणाली. "काय होतं आज?"

शेवटी पाळक म्हणाले, "मग असं करा. सेवा करा, पण गुपचूप. चाळीस दिवस रोज एक काम, दुसऱ्यांच्या उपयोगाचं. कुणाला सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. देव बघतोय तेवढं पुरे."

हे गुण्याला पटलं. काम कोणतं, याचाही विचार करावा लागला नाही. कारखान्यात अठरा पटाश्या सामायिक होत्या आणि सामायिक म्हणजे कुणाच्याच नव्हत्या. लाकडात खाच पाडायला जावं तर त्या लाकूड कापायच्या सोडून चावायच्या. धार लावायचं काम खरं म्हणजे साखऱ्याकडे होतं. साखऱ्या म्हणजे शेजारच्या बाकावरचा सुतार, जिभेवर कायम साखर. मालकांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करणारा तो एकटाच. वर्षभर त्याने दगडाला पाणी लावलं नव्हतं, आणि तरी त्याला कुणी एका शब्दाने बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गुण्या तासभर आधी येऊ लागला. किल्ली त्याच्याकडे असायचीच. रिकाम्या कारखान्यात तो दगड ओला करायचा, एकेक पातं घासायचा आणि नखावर टेकवून बघायचा. घसरलं तर पुन्हा. प्रत्येक पटाशीबरोबर एकेका माणसासाठी प्रार्थना करायची, असं त्याने ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात ते जमलंही. एकदा तर घासता घासता तो स्तोत्र गुणगुणत होता, हे त्याचं त्यालाच नंतर कळलं.

आठव्या दिवशी कुणीतरी ओरडलं, "अरे, पटाशी बघा! लोण्यातून गेल्यासारखी जातेय!"

"साखऱ्या, मनावर घेतलंस की रे शेवटी!" दुसरा म्हणाला.

गुण्याने मान वर केली. साखऱ्या काही क्षण गोंधळला, मग हसला आणि म्हणाला, "असू दे हो. कामच आहे आपलं."

गुण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचं काम आपण केलं त्याच्याच नावावर ते जाणार, हे आधी का सुचलं नाही? पण काम बदलायचं तर चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले असते, आणि अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो रोज येत राहिला. फक्त आता प्रार्थना सतरा पटाश्यांपर्यंत सुरळीत चालायची आणि अठरावीला घोडं अडायचं. साखऱ्याचं नाव घेतलं की हात इतका जोरात चालायचा की पातं तापायचं. "प्रभो, त्याचं भलं कर," असं तो दात आवळून म्हणायचा. ऐकणाऱ्याला ती धमकी वाटली असती.

घरीही तेच. भाजीत मीठ कमी पडलं तरी तो भडकायचा. बायको एकदा म्हणाली, "पहाटे उठून तुम्ही कुठे जाता ते मी विचारत नाही. पण जे काही करताय त्याने तुमचा स्वभाव सुधारत नाहीये, एवढं सांगते."

तेहतिसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मालकांनी सगळ्यांना जमवलं. जुने मुकादम निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी गुण्या, असं कारखान्यात सगळे धरूनच चालले होते, गुण्याही.

मालक म्हणाले, "मला हुशार माणूस नकोय, मला मन लावणारा माणूस हवा. न बोलता, न मिरवता हत्यारांची काळजी घेणारा." आणि त्यांनी साखऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

साखऱ्याने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही.

"खोटं आहे!" गुण्या ओरडला. डबा त्याच्या हातातून खाली पडला. "त्या धारा मी लावतोय! महिन्याभरापासून! रोज पहाटे! विचारा त्याला, दगडाला हात तरी लावलाय का!"

मालकांनी चष्मा काढला. "मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"बोलायचं नव्हतं म्हणून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मालक साखऱ्याकडे वळले. साखऱ्या जमिनीकडे बघत राहिला. "ठीक आहे," मालक म्हणाले. "उद्या सकाळी दोघांनी माझ्यासमोर एकेक पटाशी घासून दाखवा. म्हणजे वाद नको."

गुण्या दिवसभर ताठ मानेने वावरला. सुटल्यावर नळाशी हात धूत होता, तेव्हा साखऱ्या शेजारी येऊन उभा राहिला. जिभेवरची साखर पार विरघळली होती.

"मला दिसत नाही," तो म्हणाला.

"काय दिसत नाही?"

"धार. वर्ष झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मापं मी बोटांनी घेतो. ऑपरेशनची भीती वाटते रे. माझ्या वडिलांचा डोळा त्यातच गेला. पटाश्या आपोआप धारदार व्हायला लागल्या तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी लक्षात आलंय आणि तो मला सांभाळून घेतोय. मी तर त्या माणसाला रोज दुवा देत होतो." तो थांबला. "तू असशील असं वाटलं नव्हतं."

गुण्याला तोंडात मारल्यासारखं झालं. महिनाभर जपून ठेवलेला राग, आणि तोही आता धड करता येईना. "मग मालकांसमोर होय का म्हणालास?" तो खेकसला.

"होय म्हणालो नाही. नाही म्हणालो असतो तर 'तुझंच काम आहे, लावून दाखव' म्हणाले असते. जसं आज म्हणाले."

गुण्या तडक पाळकांच्या घरी गेला. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, कुणाच्या तरी अंत्यविधीला बाहेरगावी गेलेत, परवा येतील. जन्मात पहिल्यांदा त्याला मनापासून सल्ला हवा होता आणि सल्ला देणारा गावात नव्हता. तो पायरीवर बसला. प्रार्थना म्हणून जे तोंडातून आलं ते ऐकून पाळकांना घाम फुटला असता. "माझं चुकलं काय ते तरी सांग! तू सांगितलंस ते केलं. गप्प बसलो. बोललो तर खरंच बोललो. आणि आता मीच काहीतरी सोडायचं? दर वेळी मीच?" थोड्या वेळाने ढुंगणाला पायरी टोचायला लागली म्हणून तो उठला आणि घरी गेला.

सकाळी मालकांनी बाकावर दगड मांडून ठेवला होता. साखऱ्या हातातल्या पटाशीचं पातं बोटाने चाचपत होता. बघायला सगळा कारखाना जमला होता.

"परीक्षा नको," गुण्या म्हणाला. आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "मला मुकादम व्हायचं नाही. काल ओरडलो ते चुकलं."

"म्हणजे काल खोटं बोललास?" मालकांनी विचारलं.

खोटं बोलणं गुण्याला जमणारं नव्हतं, आणि खरं सांगणं आता शक्य नव्हतं. तो मूग गिळून उभा राहिला. मालकांनी त्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. बाकीच्यांनीही लावला. दुपारपर्यंत दोघांनी त्याला "काय गुण्या, किती अंशाचं खोटं होतं रे?" असं विचारून घेतलं. बावीस वर्षांत त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. तो चेहरा घट्ट करून खुर्चीच्या पाठीला खाचा पाडत राहिला. धार उत्तम होती.

सुटताना त्याने साखऱ्याला कोपऱ्यात गाठलं. "या आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. नाहीतर मी मालकांना सांगेन."

"एकटा नाही जाणार मी."

"मग? मी येऊ?" गुण्याने उपरोधाने विचारलं.

"येशील?" साखऱ्याने लगेच हात धरला.

म्हणून शुक्रवारी गुण्या रजा टाकून डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसला होता. साखऱ्याच्या डोळ्यांत थेंब घातले होते. त्याने गुण्याचा दंड घट्ट पकडला होता आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. "पट्टी निघाली की मालकांना सगळं खरं सांगतो बघ. तुझी शपथ."

"शपथ घेऊ नकोस."

"बरं, नाही घेत. पण सांगतो."

सांगेल की नाही, गुण्याला खात्री नव्हती. बहुतेक नाही, असंच वाटत होतं. त्याने डोळे मिटले. साखऱ्याचं नाव घेतलं. पुढचं वाक्य सापडेना. पुन्हा नाव घेतलं.

"काय पुटपुटतोयस?" साखऱ्याने विचारलं.

"काही नाही. दोन मिनिटं गप्प बस."

साखऱ्या अर्धा मिनिट गप्प बसला. मग म्हणाला, "दुखतं का रे फार?"

गुण्याने डोळे उघडले. "मला काय माहीत?" तो वैतागून म्हणाला. मग उठला आणि विचारायला नर्सकडे गेला.