साच्याचा पासवर्ड

बाबांना मी साचेबुवा म्हणते, आणि त्यांना ते मनातून आवडतं. लोकांचे प्रबंध आणि अहवाल कॉम्प्युटरवर नीट मांडून द्यायचं आमचं बापलेकीचं दुकान आहे: दोन टेबलं, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि गल्लीकडे उघडणारी खिडकी. बाबांचा कायदा एकच. हातानं काही करायचं नाही. शब्द निवडून ठळक अक्षरांचं बटण दाबणारा माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगार. शीर्षकाला शीर्षकाची स्टाइल, मजकुराला मजकुराची, तळटीपेला तळटीपेची, आणि या सगळ्या स्टाइल एका टेम्प्लेटमध्ये. त्याला ते साचा म्हणतात. साच्यात एक आकडा बदलला की त्याला जोडलेली प्रत्येक फाइल उघडताना आपोआप बदलते.

म्हणून साच्याला पासवर्ड आहे. तो आम्हा दोघांनाही ठाऊक आहे, तरी एकानं तो टाकताना दुसऱ्यानं खिडकीकडे तोंड करायचं, असा दंडक. पहिल्यांदा हे ऐकून मी पोट धरून हसले होते. बाबा हसले नाहीत. मी खिडकीकडे वळेपर्यंत कीबोर्डवरचे हात उचलून बसून राहिले.

त्या सकाळी मी आले तेव्हा बाबा कागद आणायला गेले होते. एक पुरा झालेला प्रबंध छापून बाइंडरकडे पाठवायचा होता. फाइल उघडली. पानं भलतीच वाढलेली, तक्ते मधोमध तुटलेले, आणि अनुक्रमणिकेचा प्रबंधाशी काडीचा संबंध उरलेला नाही. दुसरी फाइल उघडली, तिची तीच गत. आधी मशीनला शिव्या घातल्या, मग प्रिंटरला, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. शेवटी साचा उघडून पाहिला. मजकुराच्या अक्षरांचा आकार बारा हवा, तिथे सोळा होता.

बाबा आले तेव्हा मी टपूनच बसले होते. एका जादा स्पेसवरून ज्यांनी मला आयुष्यभर बोलणी ऐकवली, त्यांना आज सगळी परत करायची होती. साचेबुवा, साच्यात कुणीतरी हात घातलाय, गुन्हेगाराला काय शिक्षा करायची, असं मी विचारलं. ते पिशवी खुर्चीला अडकवायला गेले, ती खाली पडली, आणि ती न उचलताच ते बसले.

"अठरा आहे का?"

"सोळा."

त्यांनी पडलेली पिशवी चाचपून उचलली. मग सांगू लागले, माझ्याकडे न बघता. रोज मी येण्याआधी येऊन ते साच्यात अठरा करतात, तेवढ्या वेळात आपलं काम उरकतात आणि मी यायच्या आत परत बारा करतात. मला काही उमजेना. मोठं दिसायला हवं तर झूम आहे की, हे शाळेतलं पोरही सांगेल.

"एकेक फाइल हातानं मोठी करत बसू?" ते म्हणाले. "मी?"

मला हसू आलं आणि ते तिथेच विरलं.

"मग आज परत करायला विसरलात."

"विसरलो नाही. यादीतलं बारा निवडलं. मला ते बाराच दिसलं."

डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले होते. मधली नजर गेली आहे, कडेचं तेवढं दिसत राहील, गेलेलं परत येणार नाही, असं सांगितलं होतं. अलीकडे दुपारी ते मला दुरुस्त्या मोठ्यानं वाचायला लावत. तुझा आवाज कानाला बरा वाटतो, म्हणत, आणि मी आपली खूश होऊन वाचत होते. मला रडू आलं आणि त्यांचा भयंकर रागही आला. इतकं सगळं एकट्यानं गिळून बसायची काय गरज होती?

मी म्हटलं, तुमच्यापुरता वेगळा साचा करू, वीसचा करू, चोवीसचा करू. त्यांनी मान हलवली.

"आज तू पाहिलंस. उद्या ते तसंच छापून गेलं तर? लोकांच्या कष्टाचं आहे ते." मग अगदी हळू म्हणाले, "पासवर्ड बदल. आणि मला सांगू नकोस."

मी भांडले. साचा तुमचा आहे, तुम्ही केलाय, मला एकटीला तो नको, सगळं बोलून झालं. ते ऐकून घेत राहिले. शेवटी मी साच्यात बारा केलं. प्रबंध पुन्हा उघडला तर तक्ते जुळलेले, पानं जागच्या जागी. त्यांचं काम इतकं चोख, की एका आकड्यानं सगळं सावरलं. प्रिंटर कुरकुरत छापू लागला.

नव्या पासवर्डची चौकट उघडून मी कीबोर्डवर बोटं ठेवली. माझ्यामागे खुर्ची सरकली. बाबा टेबलाच्या कडेला हात लावत लावत उठले, खिडकीपाशी गेले आणि बाहेर तोंड करून उभे राहिले. वळले नसते तरी माझी बोटं कुठे पडतात हे त्यांना दिसणारच नव्हतं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

अजून एक अक्षरही टाकलं नव्हतं. थांबा जरा, म्हटलं. ते तसेच थांबले, खिडकीकडे तोंड करून.