ट्रायलचा आरसा

पोरगी बावीस दिवसांची झाली आणि मी तिला घेऊन दुकानात बसायला लागले. घरी सांभाळायला कोणी नव्हतं. सासू नाही, नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा उगवतो. उरलो मी आणि सासरे. आबा मशीनवर, मी काउंटरला: मापं, खडूच्या खुणा, काजं-बटणं, हातशिलाई. दुकान बारा बाय आठचं. मागे पडदा लावून ट्रायलची जागा केलेली, तिथे माणसाएवढा आरसा.

पोर छातीशी कशी बांधायची ते दवाखान्यातल्या सिस्टरने बाहुली घेऊन शिकवलं. पाच मीटर ताणणारं कापड. मधला भाग पोटावर, टोकं पाठीवर फुली मारून खांद्यांवरून पुढे, पोटावरच्या पट्ट्यातून ओवून पुन्हा फुली, शेवटी गाठ. बाळ त्या फुलीत बेडकासारखं बसतं, गुडघे ढुंगणापेक्षा वर.

"मान वाकवली की टाळूचा मुका घेता आला पाहिजे," सिस्टर म्हणाली. "तोंड कायम दिसलं पाहिजे. हनुवटी छातीला टेकता कामा नये. आणि घट्ट बांध, बनियन बसतं तसं. इस्त्रीपाशी जायचं नाही. वाकायचं झालं तर गुडघ्यावर बस."

सगळं ऐकलं. घरी येऊन होजिअरीच्या ताग्यातून पाच मीटर कापून घेतलं. इथपर्यंत काही चुकलं नाही.

पण आमच्या धंद्यात घट्ट म्हणजे गुन्हा. गिऱ्हाईक सैल कपडा मुकाट्याने घालतं, घट्ट झाला की दारात येऊन बोंबलतं. आबांनी चाळीस वर्षं प्रत्येक कमरेत बोटं घालून बघितलीत. बोटं फिरली की माप पास. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पाठीवरच्या पट्ट्याखाली बोटं घातली. फिरली नाहीत.

"अगं सूनबाई, आवळलंयस काय! पोरगी आहे का वळकटी?"

"सिस्टरने घट्ट सांगितलंय, आबा."

"सिस्टरने किती कपडे शिवलेत?"

मी हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. नऊ वर्षं मीही हेच काम करते, मलाही आवळलेलं कापड बघवत नाही. मी गाठ सोडली, चार बोटं ढील दिली, पुन्हा बांधली. कोणी माझा हात धरला नव्हता.

मग जो येईल त्याचा सल्ला. पोटची पोर माझी, पण मत सगळ्यांचं. दर आठवड्याला एखादी पँट घेऊन येणारं एक गिऱ्हाईक आहे, त्याला आम्ही अर्धा इंच म्हणतो, कारण त्याचं कधीही, काहीही अर्धा इंच चुकलेलंच असतं. तोही म्हणाला, "बिचारीला जरा हवा लागू द्या."

चौथ्या दिवशी आबांनी लोकरी कापडाचा मोठा तागा कापायला घेतला. खोलीभर तंतू उडायला लागले. आबांनी मलमलचा तुकडा झटकला आणि पोरीच्या तोंडावर टाकला. "नाकात जाईल तिच्या," म्हणाले. मला ते पटलं. आम्ही स्वतः त्या दिवसांत नाकाला फडकं बांधतो.

सकाळपासून ती बारीक घोरत होती. आबा म्हणाले, "बापावर गेलीय." होजिअरी वजनाने ताणत जाते हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. दुपारपर्यंत पोरगी छातीवरून पोटाशी उतरली होती. मला वाटलं, गाढ झोपलीय म्हणून जड लागतेय.

अर्धा इंच आला. त्याच्या पँटचा तळ दुमडायला मी गुडघ्यावर बसले, तोंडात टाचण्या.

"काय गुणी पोर आहे हो," तो वरून म्हणाला. "आवाज म्हणून नाही."

आवाज नव्हता. घोरणं थांबलं होतं.

मी मलमल ओढली. हनुवटी छातीत रुतलेली, मान कॉलरसारखी दुमडलेली. ओठ खुणेच्या निळ्या खडूच्या रंगाचे. टाचण्या थुंकल्या. गाठ सोडायच्या भानगडीत पडले नाही. कापड इतकं सैल होतं की ती एका हिसक्यात वर निघाली. मान सरळ केली, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. आकडे मोजायची सवय हाताला आहे, तशी तोंडालाही. सात म्हणाले तेव्हा ती रडली.

अर्धा इंच एका पायात टाचण्या घेऊन तसाच धावला आणि रिक्षा घेऊन आला.

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. काही झालेलं नाही म्हणाले. सिस्टर ओरडली नाही. म्हणाली, "बांधून दाखव." मी दुकानात बांधायचे तसं बांधलं. तिने तीन ओढीत सगळी ढील काढली आणि पोरगी माझ्या हनुवटीखाली येऊन बसली.

"कापड ताणतं. दिवसातून दहा वेळा बघायचं, सैल झालं की पुन्हा आवळायचं. आणि ज्याने तोंडावर फडकं टाकलं त्याला माझ्याकडे पाठव."

आबा मागेच उभे होते, गळ्यात टेप तशीच. "मीच तो," म्हणाले.

सिस्टरने त्यांना बाहुली दिली. त्यांनी स्वतःच्या छातीवर बांधली. पहिल्यांदा सैल झाली. दुसऱ्यांदाही. मी मदत केली नाही. पाचव्यांदा सिस्टर "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर ट्रायलचा पडदा उघडा आणि आरसा जागेवर नाही. तो काउंटरसमोरच्या भिंतीवर होता. मी उभी राहिले की पोरीचं तोंड मला त्यात समोरून दिसायचं. मशीनवरून आबांनाही. लोकरीचा तागा त्यांनी कापायला दुसऱ्या दुकानात देऊन टाकला. त्यांना माफ केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. स्वतःला तर नाहीच.

अर्धा इंच तीच पँट घालून पडद्याआडून बाहेर आला. पोरीकडे बघून घेतलं, मग म्हणाला, "मास्तर, इथला आरसा कुठे गेला?"

"कामात आहे."

"मग पँट बसलीय का नाही, मला कळणार कसं?"

"मी सांगतो ना," आबा म्हणाले. पाय मशीनवर चालू, नजर भिंतीवर. "तुम्ही आधी बाजूला व्हा. पोरगी दिसत नाहीये."