पुसलेले दोन शब्द

मी पाटी बोलतेय. दगडी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्यात टवका उडालेली. सध्या मुक्काम काचेच्या कपाटात. समोर चिठ्ठी: ‘जुन्या मंडईतील पाटी’. झाली माझी ओळख!

माझ्यावर आधी एका मुलीने अक्षरं गिरवली. ती वहीवर लिहू लागली, तशी मी तिच्या आईबरोबर मंडईत गेले. आई भाजी विकायची, शाळेचं तोंड न पाहिलेली. लेकीने हात धरून तिला दोनच शब्द शिकवले, ‘आत्ता येते’. दुपारी जेवायला जाताना ती ते खडूने लिहून मला गाळ्याच्या खिळ्याला टांगायची. तिचा ‘ये’ नेहमी पाय घसरल्यासारखा खाली यायचा. शेजारचा लिंबूवाला चिडवायचा, “मावशी, तुमचं ‘आत्ता’ तासाभराचं असतं हो!”

एके दुपारी तिच्या छातीत कळ आली. तशातही तिने दोन शब्द लिहिले, मला टांगलं आणि गेली. परत आलीच नाही. लेक परगावी नांदत होती, तिला माझी आठवण व्हायला फार उशीर झाला. मी मात्र ते शब्द जपून बसले होते.

मंडई पाडायचं ठरलं तेव्हा एक काका आले. टपालखात्यातून निवृत्त झालेले, मंडईच्या जुन्या वस्तू जमवायचं वेड. बायको म्हणायची, “आता मलाही चिठ्ठी लावून कपाटात ठेवा.” माणूस जीव लावणारा. घरी नेताच त्यांनी ओल्या फडक्याने मला लख्ख पुसलं. मला ओरडायचं होतं, पण पाटीला कुठला आवाज!

गेल्या महिन्यात लिंबूवाल्याकडून पत्ता घेऊन ती मुलगी आली. केस पिकलेले. टवक्यावरून तिने मला ओळखलं, दोन्ही बाजू पाहिल्या.

“काका, यावर काही लिहिलेलं होतं ना?”

“होतं काहीतरी खडूचं. मी स्वच्छ केली.”

“आईचं अक्षर होतं ते. तिला तेवढंच लिहिता यायचं.”

काकांचा चेहरा उतरला. “घेऊन जा, पोरी. तुझीच आहे.” त्यांनी खडूही पुढे केला.

तिने ‘आत्ता’ लिहिलं. थांबली. तळव्याने पुसलं.

“माझंच अक्षर येतंय,” म्हणाली, आणि मला कपाटात परत ठेवलं.

काका आता काहीही पुसण्याआधी विचारतात, “यावर कुणाचं काही आहे का?” तुम्हीही विचारत जा. माझ्या वेळी कुणी विचारलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

त्या दिवशी निघताना ती दारात क्षणभर घुटमळली. ‘येते’ मात्र म्हणाली नाही.