डॉर्सेटच्या गादीचे दोन वारस

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कार्निव्हलला गाण्याचा तंबू लागायचा, त्यात साध्या नावाचा माणूस गायचा नाही. गोदीतला हमाल असो की न्हावी, स्टेजवर चढला की तो लॉर्ड तरी होणार, नाही तर ड्यूक. कार्निव्हल संपला की दुसऱ्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, पुन्हा हमाल नि पुन्हा न्हावी. पण थिओफिलस क्वामिनाचं तसं नव्हतं. तो वर्षाचे बाराही महिने लॉर्ड डॉर्सेट होता. गोदीत पोती उचलतानाही लॉर्ड, माशाच्या भज्यांसाठी रांगेत उभा असतानाही लॉर्ड. बायकोनं घरात एकदा 'थिओ' म्हणून हाक मारली, तर पठ्ठ्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

नाव त्यानं कुठून आणलं? बंदरात डॉर्सेट नावाचं एक गलबत खारे मासे घेऊन यायचं, त्यावरून. बस्स, एवढाच याचा वंश! पण तो म्हणायचा, "अरे, इंग्रजाला तरी नावं कुठं सुचतात? एक जिल्हा सापडला, की तेच नाव बोटीला, तेच बिस्किटाला, तेच मेंढ्याला. सरकारी फार्मवर जाऊन बघा. डॉर्सेट म्हणून मेंढा बांधलाय आणि साहेब त्याला स्वतःच्या बायकोपेक्षा जास्त कुरवाळतो. मग मी काय घोडं मारलंय?"

थिओची जीभ म्हणजे वस्तरा. तो मेयरवर हसायचा, पाद्र्यावर हसायचा, स्वतःच्या फाटक्या बुटावरही हसायचा. माणूस म्हणजे मुळात हसण्याचीच चीज, असं त्याचं तत्त्वज्ञान.

आणि त्या वर्षी लढाईवरून रॅल्फी लेझामा परत आला.

हा थिओच्याच गल्लीतला. कोपऱ्यावर जी भजी तळायची, त्या मिस ओडिलचा एकुलता एक. विमानतळावर पेट्या उचलायला म्हणून सैन्यात गेला, नेमका विलायतेतल्या डॉर्सेट जिल्ह्यात पडला, आणि परतला तो गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट घालून. आमच्याकडच्या उन्हात! घामाच्या धारा वाहतायत, पण कोट काढेल तर शपथ. तंबूच्या मालकाला, मिस्टर फेरेराला, तो म्हणाला, "माझं नाव पाटीवर घाला. ड्यूक ऑफ डॉर्सेट."

"अरे बाबा, आमच्याकडं लॉर्ड डॉर्सेट आहे."

"लॉर्ड असू दे की. ड्यूक त्याच्या वरचा. शिवाय मी ते गाव डोळ्यांनी पाहिलंय. तिथला शेवटचा ड्यूक मरून शंभर वर्षं झाली. गादी रिकामी आहे!"

थिओ बाजूलाच उभा होता. म्हणाला, "गादी रिकामी आहे, म्हणून गाढव जाऊन बसतं की काय?"

फेरेराचे डोळे चमकले. तिकिटं खपणार होती. एका तंबूत एका नावाचे दोघे चालत नाहीत, हा रिवाज. भांडण लागलं की दोघांनी स्टेजवर उभं राहायचं आणि तिथल्या तिथं गाणं जुळवत एकमेकांची सालटी काढायची. ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला. आणि जो चिडला तो त्याच्याआधी हरला! हरणाऱ्यानं नाव तिथंच टाकायचं आणि दुसरं घेऊनच स्टेज सोडायचं.

शनिवारी संध्याकाळी तंबू असा भरला की मुंगीला शिरायला वाट नाही. थिओ दिसायला निवांत होता, आतनं नव्हता. वीस वर्षं जपलेलं नाव! ते गेलं तर उरतं काय? पोती उचलणारा एक म्हातारा होऊ घातलेला माणूस. गिटार सुरू झालं आणि त्यानं पहिला वार केला:

"कोट घालून घामाघूम, बघा ड्यूकची स्वारी,
विलायतेहून घेऊन आली उवांची शिदोरी!
गोऱ्याच्या घरी बशा घासून झिजली ज्याची बोटं,
तो म्हणतो, मी ड्यूक तुमचा, बाकी सारं खोटं!"

"कायसो! कायसो!" लोक ओरडले. आमच्याकडं गाणं काळजाला भिडलं की हीच आरोळी. रॅल्फीनं कोटाची कॉलर ताठ केली:

"गलबतावरचा वाचला यानं गोदीमधनं बोर्ड,
त्याच दिवशी हमाल आमचा झाला बघा लॉर्ड!
डॉर्सेट मी पाहून आलो, ऐका त्याची गोष्ट,
मेंढरंसुद्धा लॉर्डच तिथं, लोकर त्यांची पुष्ट!"

हशा पिकला. थिओही खो खो हसला, उलट मेंढरासारखं 'बें' करून दाखवलं. अशा टोल्यांनी तो थोडाच चिडणार? पण पोरगा तयारीचा निघाला. थिओनं त्याचं इंग्रजी उच्चारणं सोललं, रॅल्फीनं थिओचं टक्कल. एकाला कायसो, लगेच दुसऱ्याला कायसो. थिओच्या लक्षात आलं, हे कार्टं दमणार नाही. तेव्हा त्यानं ठेवणीतला सुरा काढला:

"मिस ओडिलची मयत निघाली, लेक कुठं दिसेना,
डॉर्सेटात तो ड्यूक झाला, बोट काही मिळेना!
भजी तळून वाढवला जो, त्यानं काय हो केलं?
शेजाऱ्यांच्या खांद्यावरनं आईला धाडून दिलं!"

कुणी हसलं नाही. त्या शेजाऱ्यांत पुढचा डावा खांदा थिओचाच होता, पण ते सांगायला तो गात नव्हता. तो गात होता पोराचं तोंड बंद करायला, आणि ते बंद झालं होतं. गिटारवाल्यानं चाल एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. रॅल्फी उभाच. थिओ मनात म्हणाला, संपला. नाव राहिलं.

रॅल्फीनं कोट काढला. आतला शर्ट चिंब भिजला होता. मग तो हळू आवाजात गायला:

"खरं बोलला लॉर्ड डॉर्सेट, मी नव्हतो तिथं,
ज्यानं खांदा दिला तिला, तो उभा आहे इथं!
माझी आई पोचवलीस तू, आणखी काय मागू?
नाव घे हे, तुझ्यापुढं मी ड्यूक कसा वागू?"

आणि तंबू फुटला हो! कायसो, कायसो, कायसो! बायका डोळे पुसायला लागल्या. फेरेरा, जो तिकिटाशिवाय कशानंही हलत नाही, तोसुद्धा नाक शिंकरू लागला. कुणीतरी ओरडलं, "घे रे लॉर्ड, घे! पोरगं मनानं देतंय!"

मनानं देतंय! थिओच्या कानशिलात सणक गेली. वीस वर्षं ज्यानं सगळ्या शहराला खिजवलं, त्याला हे काल मिसरूड फुटलेलं पोर नाव वाढतंय, आणि लोक वर म्हणतायत, घे! शिवी दिली असती तर त्यानं हसून झेलली असती. हे कसं झेलायचं, ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"नकोय!" तो ओरडला. ना चाल, ना यमक. "तू कोण रे मला देणारा? माझं नाव आहे ते! दया दाखवतोस मला? मला? चालता हो इथनं, भजीवालीच्या पोरा!"

रॅल्फीचा चेहरा उतरला. त्यानं हे काही डाव म्हणून केलं नव्हतं. पण मागच्या बाकांवर तेवढा विचार करायला सवड कुणाला होती?

"चिडला! लॉर्ड चिडला रे!"

"हरला! नाव टाक!"

रॅल्फी फेरेराकडं धावला. "मिस्टर फेरेरा, मला नकोय ते नाव. मी सोडलंय."

"तू सोड नाही तर धर," फेरेरा म्हणाला. "हा चिडला. रिवाज म्हणजे रिवाज." आणि थिओकडं वळून, "बोल बाबा, नवं नाव काय घेतोस? लवकर. लोक थांबलेत."

लोक काय, मदतीला तयारच! "लॉर्ड रटलंड!" "अर्ल ऑफ एसेक्स!" "बर्कशायर घे, बर्कशायर! डुकराची जात आहे ती, फार्मवर बघून ये!" एकेका जिल्ह्याचा उद्धार होत होता आणि एकेकावर हशा उसळत होता. थिओ यातल्या प्रत्येक नावावर एरवी चार ओळी सहज फेकून गेला असता. आता त्याला एक अक्षर सुचेना.

"काहीतरी बोल की," फेरेरा वैतागून म्हणाला.

"थिओफिलस क्वामिना," तो म्हणाला.

फेरेरानं पुढं येऊन मोठ्यानं पुकारा केला, "थिओफिलस क्वामिना!"

टाळी पडली नाही. पुढच्या बाकावरची बाई शेजारणीला विचारत होती, "हा कोण गं नवीन?"