हायस्कूलची तिसरी खिडकी

टेक्ससमधल्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात माझ्या वर्गातल्या निटा फे हिने एक जुनं पोस्टकार्ड मोठं करून भिंतीवर लावलं. खाली छापलं होतं 'हायस्कूल', पण चित्र होतं तुरुंगाचं. छापणाऱ्याने नावांची अदलाबदल केली होती. मला कळणारच, माझे वडील तिथले जेलर, आम्ही खालच्या मजल्यावर राहायचो आणि कैद्यांचा स्वयंपाक आई करायची.

मी मुद्दाम गप्प बसले. म्हाताऱ्यांना एकेक आठवायला लागलं. एकाला भूगोलाचा वर्ग दिसला, एकीला बाईंनी लावलेला गुलाब. खिडक्यांचे गज मेल्यांना दिसेनात.

शेवटी डेल्बर्ट स्टोवॉल काठी टेकत आला. चर्चमधला मोठा मानकरी. "वरची तिसरी खिडकी," तो गहिवरून म्हणाला, "तिथं बसून मी तासन्‌तास बाहेर बघायचो."

मी त्याच्या कानाशी गेले. "बाकीचे थापा मारतायत, डेल्बर्ट. खरं तू एकटाच बोललास. अकरा दिवस तुझं ताट मीच वर आणून देत होते."

त्याने चित्रावरची नजर हलवली नाही.

"तुझी आई राजम्यात मीठ घालताना फार हात आखडायची," तो म्हणाला.