सात नंबरच्या दोघी

"सात नंबर, साखर चारशेच्या वर, दहा युनिट इन्सुलिन बाकी. आठ नंबर ठीक. झालं," असं म्हणून डॉक्टर कान्येंडांनी वही मिटली. चोवीस तासांच्या ड्यूटीने त्यांचे डोळे तांबारले होते.

सकाळच्या ड्यूटीवर आलेल्या शिकाऊ डॉक्टर तदालाने वही उचलली, पण जागची हलली नाही. झोंबा शहराच्या या रुग्णालयात तिला तीनच आठवडे झाले होते. गेल्या सोमवारी अशाच अर्धवट निरोपामुळे एका बाईला तेच औषध दोनदा गेलं होतं. बाई वाचली, तदालाची झोप मात्र उडाली.

"सर, खाटेपाशी जाऊन सांगता? नावानिशी?"

"आली मास्तरीण!" कान्येंडा नर्सकडे बघून हसले. "सिस्टर, उद्या ही आपली हजेरी घेणार बघा."

"घेऊ दे की. तुमचे खाडे तरी मोजले जातील," सिस्टर म्हणाल्या.

बायकांच्या वॉर्डात खाटा चाळीस, बायका साठ. निम्म्या खाटांना एक वर, एक खाली चटईवर. नंबर दोघींचा एकच. सात नंबरवरची बाई उशीला टेकून झोपली होती.

"ही एलेस," कान्येंडा म्हणाले. "द्या इंजेक्शन."

सिस्टरनी सिरिंज भरली.

"एलेस मी आहे, डॉक्टर," चटईवरून आवाज आला. "ती फागेसी. पहाटे तिला दम लागला, म्हटलं बाई, तू वर ये. आम्ही रोजच आलटून पालटून झोपतो."

"कुणाला सांगितलंत का?" तदालाने विचारलं.

"कुणी विचारलं का?"

तदालाने दोघींची साखर तपासली. एलेसची चारशे दहा. दोन दिवस अन्नाला न शिवलेल्या फागेसीची बहात्तर. दहा युनिटांनी ती झोपेतून उठलीच नसती.

कान्येंडांनी बहात्तरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. "रात्री मी खाटेचा नंबरच बघितला, चेहरा नाही," ते पुटपुटले. मग खिशातली चिकटपट्टी काढून त्यांनी तिच्यावर नाव लिहिलं आणि फागेसीच्या मनगटाला लावलं. सिस्टरनी इंजेक्शन चटईवरच्या एलेसला दिलं.

ती दचकून जागी झाली. "आता काय टोचताय?"

"काही नाही, मावशी. झोपा," कान्येंडा म्हणाले आणि तदालाकडे वळले. "चल, आठ नंबर. वरची कोण, खालची कोण, तूच विचार. मी लिहितो."